'बघू तरी' म्हणत भरलेले पैसे

पत्र : मॅडम, मी परभणीचा, वय २८. मोंढ्याजवळ वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, तेच बघतो. आमच्याकडं दिवाळीत तीन पत्ती लहानपणापासून, आणि त्यात मला सगळे उस्ताद म्हणतात. गेल्या दिवाळीपासून आम्ही सहा मित्र शनिवारी रात्री एकाच्या आखाड्यावर (शेतातल्या खोलीवर) पोकर खेळतो. टेक्सास होल्डेम, यूट्यूबवर बघून शिकलो. दर वेळी हजार-पाचशे जातात. परवा माझ्याकडं एक्का-पंजी होती, टेबलावर एक्का पडला, मी शेवटपर्यंत भरत गेलो आणि समोरच्याकडं एक्का-गुलाम निघाला. हे माझ्यासोबतच कामून हू लालंय? कोणते पत्ते खेळायचे, ब्लफ कसा ओळखायचा, ते सांगा. जानेवारीत गोव्याला जाणार आहोत, तिथं टेबलावर बसावं म्हणतो. एक मित्र टेलिग्रामवर ॲपची लिंक पाठवतो, तिथं सराव होईल का? वडील म्हणतात हा सगळा जुगारच आहे.
— उस्ताद, परभणी

उत्तर : उस्ताद, तुमच्यासोबतच नाही हो. एक्का दिसला की ज्याचा हात पॅक करायला उठत नाही, त्या प्रत्येकासोबत हे होतं. आणि ही सवय तुम्हाला तीन पत्तीनं लावली आहे. तिथं ती सवय चांगलीच आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात बनतात, त्यातले शंभरात ५७ हात एक्क्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. म्हणजे साधा एक्का वर असलेला हात समोरच्या एकट्या माणसाला बऱ्याचदा पुरून उरतो. होल्डेममध्ये दोन पत्ते हातात, पाच टेबलावर, सातातून पाच निवडायचे. सात पत्ते हाताशी असताना काहीच न बनणं शंभरात फक्त १७ वेळा होतं. जोडी तर जवळपास सगळ्यांचीच लागते. मग भांडण जोडीवर नाही, जोडीसोबतच्या पत्त्यावर येतं. त्याला पोकरवाले किकर म्हणतात. तुमची एक्क्याची जोडी आणि त्याचीही एक्क्याची जोडी, पण त्याच्याकडं गुलाम, तुमच्याकडं पंजी. पत्ते वाटले गेले तेव्हाच तुम्ही मागं होतात. अशा लढतीत पंजीवाला चारात जेमतेम एकदा जिंकतो. टेबलावर एक्का पडला ही तुमच्यासाठी चांगली बातमी नव्हतीच; त्या एक्क्यामुळंच तुम्ही शेवटपर्यंत भरत गेलात.

आणखी एक तपासून घ्या. हातांची उतरंड तुमच्या सहाही जणांच्या डोक्यात पक्की आहे ना? तीन पत्तीत रन (ओळीनं आलेले पत्ते) कलरच्या (सगळे बदाम किंवा सगळे किलवर, असे एकाच रंगाचे पत्ते) वर असते, पोकरमध्ये कलर रनच्या वर. आणि तीन पत्तीतली सगळ्यांची राणी असलेली ट्रेल, म्हणजे तीन राजे किंवा तीन सत्त्या असे एकसारखे तीन पत्ते, पोकरमध्ये रन आणि कलर दोघांच्याही खाली जाते. हे कुणाच्या मर्जीनं ठरलेलं नाही. तीन पत्त्यांत साध्या रनचे ७२० हात आणि कलरचे १,०९६, म्हणून रन दुर्मीळ. पाच पत्त्यांचे एकूण २५,९८,९६० हात, त्यात साधे कलर ५,१०८, साध्या रन १०,२०० आणि तीन एकसारखे ५४,९१२. जे कमी वेळा बनतं ते वर. (तीन पत्तीत मात्र एक गंमत आहे. पक्की, म्हणजे एकाच रंगाची, रन ४८ आणि ट्रेल ५२, म्हणजे हिशोबानं पक्की रनच वर हवी होती. पण इतक्या वर्षांची सवय कोण मोडणार! मी संख्याशास्त्र शिकवायचे तेव्हा हा प्रश्न वर्गात टाकला की मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा मान वर करायची.)

आता कोणते पत्ते खेळायचे. सहा जणांच्या टेबलावर नवशिक्यानं दहातला एखादा हात खेळावा, उरलेले नऊ पहिल्याच फेरीत पॅक. तुम्ही पाचातले चार खेळत असणार, पैज लावते. सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी, एवढ्यावर पहिले दोन-तीन महिने काढा. एक्का आणि लहान पत्ता वेगवेगळ्या रंगांचे असतील तर फेकून द्यायला शिका, हाच तुमचा पहिला धडा. लहान जोडी, म्हणजे दुर्रीपासून छक्कीपर्यंत, स्वस्तात मिळाली तर बघा. पहिल्या तीन पत्त्यांत, म्हणजे फ्लॉपमध्ये, तुमचा तिसरा पत्ता येण्याची शक्यता साधारण आठात एकदा. आला नाही तर जोडीवर माया करत बसू नका.

'पण दोन्ही बदाम होते' हे कारण मला सांगू नका. दोन पत्ते एकाच रंगाचे हातात असताना फ्लॉपवरच कलर बनणं ११८-११९ वेळा खेळल्यावर एकदा घडतं. पाचही पत्ते पडेपर्यंत थांबलात तरी कलर शंभरात सहा-सात वेळा. एकरंगी असण्यानं चांगला हात थोडा अजून चांगला होतो, पण राजा-तिर्रीचं सोनं होत नाही.

मोठे पत्ते किती क्वचित येतात याचाही अंदाज हवा, नाहीतर कंटाळून माणूस काहीही खेळायला लागतो. हातात कुठलीही जोडी येणं १७ डावांत एकदा. दोन एक्के २२१ डावांत एकदा. आखाड्यावर तुम्ही हातानंच पिसून वाटत असणार, तासाला पंचवीस-तीस डाव होत असतील. म्हणजे चार तास बसलात तरी एक्क्यांची जोडी दोन शनिवारांत मिळून एखादी वेळ. या मधल्या वेळात करायचं काय? बघायचं. कोण कुठले पत्ते दाखवतो, कोण काहीही असलं तरी भरतो, कोण फक्त मोठा हात असला की जोरात लावतो. पॅक करून बसलेल्या माणसाला टेबल फुकटात शिकवतं, आणि तुम्ही तो वेळ मोबाइलवर घालवत असाल अशी मला दाट शंका आहे.

खेळायचं ठरवलं की नुसतं भरून आत शिरू नका. तुमच्या आधी कुणी वाढवलं नसेल तर स्वतः वाढवा, मोठ्या ब्लाइंडच्या अडीच-तीन पट. (इथला ब्लाइंड म्हणजे बघितल्याशिवायची चाल नव्हे. डावाआधी दोघांनी सक्तीनं टाकायची रक्कम.) वाढवल्यानं दोन-तीन जण तिथंच गळतात. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर शंभरात ८५ वेळा जिंकते, पण समोर आठ जण शेवटपर्यंत बसले तर ३५च्या आसपासच. चांगला हात लपवून सगळ्यांना स्वस्तात पत्ते बघू देणं ही तीन पत्तीची चाल आहे. तिथं पत्ते बदलत नाहीत, म्हणून लपवणं परवडतं. इथं टेबलावर आणखी पत्ते यायचे असतात आणि प्रत्येक पत्त्यागणिक कुणाचं तरी काहीतरी बनत असतं. हात बरा असेल तर पॉटच्या (मध्ये जमलेल्या पैशांच्या) निम्मे ते दोन-तृतीयांश लावा आणि पुढचा पत्ता बघायची किंमत वसूल करा.

किंमत म्हणाले, तर इथंच तुमचे हजार-पाचशे जात असावेत. धरा, तुमच्या हातात बदामची राणी आणि बदामची दश्शी. टेबलावर बदामची सत्ती, किलवरची चौकी, बदामची दुर्री. चार बदाम झाले, पाचवा हवा. १३ बदामांतले ४ दिसताहेत, उरले ९. न दिसणारे पत्ते ४७. पुढचाच पत्ता बदाम असण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे शंभरात १९. पॉटमध्ये १२० रुपये आहेत आणि समोरच्यानं ६० लावले. आता तुम्ही ६० भरून एकूण २४० साठी लढणार. म्हणजे चारात एकदा, शंभरात २५ वेळा, जिंकलं तरच बरोबरी. तुमच्याकडं १९ आहेत. हा सौदा तोट्याचा. त्यानं ३०च लावले असते तर? ३० भरून १८० साठी, सहात एकदा पुरे, शंभरात १७. मग भरा.

टेबलावर बसून भागाकार करायची गरज नाही. उपयोगी पत्ते मोजा, पुढच्या एका पत्त्यासाठी दोननं गुणा, दोन्ही पत्त्यांसाठी चारनं. नऊ पत्त्यांना १८ आणि ३६. खरा आकडा १९ आणि ३५ आहे, म्हणजे कामचलाऊ हिशोब पुष्कळ चालतो. पण चारच्या गुणाकाराला नवशिके फसतात. 'शंभरात ३६ आहे की' म्हणून भरतात आणि विसरतात की चौथा पत्ता पडल्यावर समोरचा पुन्हा लावणार, पुन्हा भरावं लागणार. ३६ चा आकडा तेव्हाच वापरा जेव्हा समोरच्यानं किंवा तुम्ही सगळ्या चिप्स आत घातल्या आहेत आणि पुढं भरायचं काही उरलेलं नाही. एक रियायत आहे. कलर बनल्यावर समोरचा आणखी मोठी रक्कम देईल अशी खात्री असेल तर थोडा महाग पत्ताही बघता येतो. पण तिसरा बदाम टेबलावर पडला की तुमच्या आखाड्यावरचे पाचही जण सावध होत असणार, तेव्हा ही रियायत जपून घ्या.

मधला पत्ता लागण्याची वाट तर बघूच नका. हातात नव्वी-अठ्ठी, टेबलावर छक्की-पंजी आणि राजा, रनसाठी फक्त सत्ती हवी. चार सत्त्या, दोननं गुणून आठ. शंभरात आठ वेळांसाठी 'बघू तरी' म्हणून पन्नास भरायचे, असं रात्रीतून दहा-बारा वेळा झालं की पाचशे गेले. मोठ्या हातांनी हरलेल्या डावांची आठवण राहते, म्हणून एक्का-गुलाम तुम्हाला आठवला. हे पन्नास-पन्नास कुणालाच आठवत नाहीत.

कुठं बसलात यालाही तितकंच महत्त्व. मोंढ्यात सोयाबीनच्या लिलावाला तुम्ही उभे राहिला असाल. जो व्यापारी बाकीच्यांच्या बोल्या ऐकून मग तोंड उघडतो, त्याला आधी बोलणाऱ्यापेक्षा नेहमीच जास्त माहिती असते. पोकरमध्ये ही जागा डीलर बटणाची, म्हणजे त्या डावात वाटणारा धरलेल्या माणसाची. फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत बटणावरचा माणूस शेवटी बोलतो. म्हणून तेच पत्ते बटणावर खेळण्यासारखे आणि पहिल्या जागेवर फेकण्यासारखे असू शकतात. दोन एकरंगी लागोपाठचे पत्ते, एक्क्यासोबत त्याच रंगाचा लहान पत्ता, लहान जोड्या, हे सगळं बटणावर किंवा त्याच्या आधीच्या जागेवर, आणि तेही आधी कुणी वाढवलं नसेल तर. ब्लाइंडमध्ये 'आपले पैसे पडलेच आहेत' म्हणून कचरा हात वाचवत बसू नका. पडलेले पैसे पॉटचे झाले, तुमचे राहिले नाहीत.

ब्लफबद्दल तुम्ही विचारलंय आणि मी थोडंच सांगणार आहे. तुमचं टेबल असं असेल, जिथं सगळे शेवटपर्यंत भरतात, तर तिथं ब्लफ करणं म्हणजे दानधर्म. जो पॅकच करत नाही त्याला घाबरवणार कसं? निम्म्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा तरी चालला पाहिजे, पूर्ण पॉटचा निम्म्या वेळा. तुमच्या मित्रांसमोर तो तितका चालेल का, ते तुम्हालाच ठाऊक. करायचाच तर एकाच माणसासमोर, आणि हातात काहीतरी बनू शकेल असं असताना, म्हणजे वरच्या चार बदामांसारखं. तो पळाला तर पॉट तुमचा, नाही पळाला तर अजून नऊ बदाम आहेत. आणि दुसऱ्याचा ब्लफ ओळखण्यासाठी चेहरे वाचायचा नाद सोडा. त्याच्या चाली जोडून बघा. पहिल्या फेरीत नुसतं भरलं, फ्लॉपवर गप्प, चौथ्या पत्त्यालाही गप्प, आणि शेवटच्या पत्त्याला एकदम मोठी रक्कम. ही गोष्ट कुठल्या पत्त्यांशी जुळते? तो शेवटचा पत्ता कुणाला काही देत नसेल तर शंका घ्या. देत असेल तर नवशिक्यांच्या टेबलावर मोठी रक्कम म्हणजे बहुधा मोठा हातच.

हे सगळं पाळूनही तुम्ही हराल, हे आधीच सांगून ठेवते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर पाचात जवळपास एकदा हरते. दिवाळीपासूनच्या शनिवारांत जितके डाव झाले तितक्यांवरून तुम्ही चांगले खेळता की वाईट, हे संख्याशास्त्रातला कुणीही प्रामाणिक माणूस सांगणार नाही. म्हणून जिंकलो-हरलो मोजण्याऐवजी दुकानातल्या वहीसारखी एक वही करा आणि शंका आलेले डाव लिहा. रागाच्या भरात, गेलेले परत आणायला म्हणून ब्लाइंड वाढवायचे नाहीत, एवढं मात्र सहाही जणांत ठरवून टाका.

गोवा. पणजीत मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर जाल तेव्हा एक फरक ध्यानात ठेवा. रूलेटला तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात आणि पैसे ३६ घरांच्या हिशोबानं मिळतात, म्हणून शंभरामागं पावणेतीनच्या आसपास कॅसिनोचे ठरलेलेच. पोकरमध्ये तुम्ही समोरच्या माणसांविरुद्ध खेळता आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेतं. म्हणजे नुसतं समोरच्यांइतकं चांगलं खेळून भागत नाही. सगळ्यात लहान ब्लाइंडचं टेबल बघा. मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट रक्कम घेऊन बसायची पद्धत आहे. ५०-१०० चं टेबल असेल तर दहा हजार. ते जड वाटत असेल तर ते टेबल तुमचं नाही. एका रात्रीची रक्कम रोख न्या, कार्ड हॉटेलात ठेवा, आणि फुकटची दारू घेऊ नका. ती फुकट कामून असते याचा विचार करा. तिथले दोन नियम आखाड्यावर कुणी सांगितले नसतील. वाढवायचं असेल तर आधी तोंडानं 'रेज' म्हणा किंवा सगळ्या चिप्स एकदाच पुढं सरकवा, थोड्या-थोड्या टाकल्यात तर पहिल्याच मोजतात. आणि काही न बोलता एकच मोठी चिप टाकलीत तर ती नुसती भरली असं धरतात, वाढवली असं नाही.

ॲपची लिंक आली असेल ती उघडू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ज्याला एवढ्याची भीती नाही तो तुमचे जिंकलेले पैसे इमानदारीनं परत देईल असं धरायला मी तरी तयार नाही. फुकट चिप्सचा सराव चालेल, पण तिथं कुणाचं काही जात नसल्यानं कुणी पॅकच करत नाही, त्यामुळं पत्ते आणि उतरंड पाठ होण्यापलीकडं फारसं हाती लागत नाही.

राहिले वडील. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं तेव्हा तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवलं. म्हणजे तुमच्या दिवाळीच्या उस्तादपणाबद्दल न्यायालयाचं मत वडिलांसारखंच आहे. पोकरवर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या कायद्यात तो जुगारातून वगळलेला आहे, गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं. आपल्या राज्यात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो की नाही हे आखाड्यावर छापा पडल्यावर ठरवायची वेळ आणू नका. विशेषतः ज्याच्या आखाड्यावर बसता तो प्रत्येक डावातून नाल, म्हणजे जागेचा वाटा, काढत असेल, तर कायद्याच्या नजरेत तो अड्डा होतो. माझं ऐकाल तर शनिवारी पैशांऐवजी रात्रीच्या जेवणाचं बिल पणाला लावा. वर सांगितलेला हिशोब चिप्सवरही तंतोतंत शिकता येतो, आणि गोव्याला जाईपर्यंत तुम्हाला शिकायचंच आहे.

आणि पुढच्या पत्रात एखादा डाव लिहाल तर तुमचे पत्ते आणि त्याचे पत्ते एवढंच नको. कोण कुठल्या जागेवर होतं, पहिल्या फेरीत कुणी किती वाढवलं, प्रत्येक फेरीला पॉटमध्ये किती होते आणि दोघांसमोर किती चिप्स उरल्या होत्या, तेही लिहा. त्याशिवाय एक्का-पंजीचा तो डाव नेमका कुठल्या फेरीला सोडायला हवा होता, हे मला सांगता येणार नाही. पहिल्या फेरीला, असा माझा अंदाज आहे.